बंद न करणारे सर

फाटकाबाहेर स्कूटर घरघरत उभी असली की समजायचं, सर आत आहेत. चहा होईपर्यंत, गप्पा होईपर्यंत, कधी कधी तर जेवण होईपर्यंत ती बिचारी कडुनिंबाखाली थरथरत असायची. एकदा आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना वाटलं, सर विसरले. त्यांनी जाऊन किल्ली फिरवली. सर हातातला कप घेऊनच बाहेर धावले.

"मावशी, काय केलंत हे! ती बंद केली की रुसते!"

"रुसू द्या की. उगं पेट्रोल जाळायचं व्हय?"

"पेट्रोल कुठेही मिळतं हो. चालू असलेली गाडी मिळत नाही!"

पुढे बराच वेळ सर किका मारत राहिले. मावशी दारात उभ्या राहून प्रत्येक किकेला "आली, आली, आता आली" म्हणत हसत होत्या. गाडी सुरू झाली तेव्हा सरांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता, पण चेहरा असा, जणू पोरगा बोर्डात आलाय.

मी पाथर्डी तालुक्यातल्या एका हंगामी वसतिगृहाची अधीक्षक. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. माणसं ऊसतोडीला जातात, कोणी जिल्ह्यातल्याच कारखान्यांना, कोणी लांब कोल्हापूरकडे. मुलं बरोबर गेली की शाळा सुटते. मागे राहिली तर त्यांना जेवायला, झोपायला आणि रागवायला कोणीतरी लागतं. ते आम्ही. माझा स्वभाव यादी करण्याचा. अंथरुणांची यादी, किराण्याची यादी, कोणाला खोकला, कोणाच्या डोक्यात उवा, कोणाला वांगं चालत नाही, सगळं लिहून भिंतीला लावलं की माझं डोकं मोकळं होतं. सर याच्या बरोबर उलटे. त्यांच्या खिशात कधी कागदाचा कपटा नव्हता, आणि डोकं मोकळं असावं असं त्यांना वाटतही नसे.

ते विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. राहायला पाथर्डी गावात. वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे उघडलेल्या यंत्रासमोरच लहानाचे मोठे झालेले. मंगळवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी नमाज आटोपून ते आमच्याकडे यायचे, मुलांना कॉम्प्युटर शिकवायला. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी नेमलं नव्हतं. एका साखर कारखान्याच्या ऑफिसातून जुना कॉम्प्युटर आमच्याकडे आला आणि त्याच्या मागोमाग आठवड्याभरात सर आले. त्यांनी त्यातलं जुनं सगळं पुसलं आणि विंडोजच्या जागी लिनक्स घातलं.

"मॅडम, हे फुकट आहे, मजबूत आहे आणि याला काही लपवायची सवय नाही. विचारलं की सांगतं. फक्त विचारता आलं पाहिजे."

बिघाडाची त्यांना इतकी आवड होती, की आमची पाण्याची मोटर बंद पडली तेव्हा मावशींच्या आधी त्यांनीच टाळी वाजवली. दुरुस्ती करणाऱ्याला फोन लावू देईनात. मुलांना मोटरीभोवती गोल बसवलं, एकेकाला कान लावायला सांगितलं आणि "कसला आवाज येतो?" असं विचारत सुटले. कोणी म्हणालं मांजर गुरगुरतंय, कोणी म्हणालं आजोबा घोरतायत. सरांना दोन्ही उत्तरं पसंत पडली. दुपार उलटेपर्यंत मावशी रिकाम्या हंड्याजवळ कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "आधी बघा, मग हात लावा," हे सरांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य एका शब्दाचं होतं. "का?" हे ते तीनदा म्हणायचे, आणि तिसऱ्या वेळी बोट वर करायचे.

आणि त्यांचा अभिमान! कॉम्प्युटर त्यांनी बसवल्यापासून एकदाही बंद केला नव्हता. वीज जायची, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी आणून जोडली होती. रात्री मशीन झोपायचं, पण बंद व्हायचं नाही. किती दिवस अखंड चालू आहे ते मशीन स्वतःच मोजायचं, आणि सर आले की तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात खडूने लिहायचे. मुलं आकडा बघून टाळ्या वाजवायची. मॉनिटरच्या वर त्यांच्या ठसठशीत अक्षरात पाटी होती: "चालू असलेले कोणीही बंद करू नये."

मी एकदा माझ्या दुरुस्तीच्या यादीत "कॉम्प्युटर हळू" असं लिहून पुढे "बंद करून चालू करणे" असा उपाय लिहिला. सरांनी माझ्याच पेनाने तो खोडला.

"हे म्हणजे चक्कर आलेल्याच्या तोंडावर पाणी मारणं. माणूस उठून बसेल. पण चक्कर का आली? का? का?"

बोट वर.

हळूपणा संक्रांतीनंतर सुरू झाला होता. आधी एखादं पत्र उघडायला वेळ लागायचा, मग माउसचा बाण अडखळायला लागला, मग डब्यावरचा लाल दिवा सतत लुकलुकायला लागला आणि आतून दाणे भाजल्यासारखा कुरकुर आवाज यायला लागला. मी म्हणायची, जुना झालाय. सर म्हणायचे, जुना मीही झालोय, मी कुरकुरतो का? मावशी म्हणायच्या, व्हय.

हे सगळं चाललं असतं. पण शनिवारचा व्हिडिओ कॉल अडला.

शनिवार हा आमच्या बहुतेक पालकांच्या तळावर बाजाराचा दिवस. दुपारनंतर कोयते थांबतात आणि सगळे आपापल्या टोळीच्या मुकादमाच्या मोबाईलभोवती जमतात. इकडे मुलं कॉम्प्युटरसमोर. आमचं वसतिगृह डोंगराच्या कुशीत, मोबाईलवर नुसतं बोलणं होतं, तेही अंगणाच्या एका कोपऱ्यात उभं राहून. चेहरे दिसायचे ते फक्त कॉम्प्युटरवर, कारण इंटरनेटची तार तेवढ्यालाच जोडलेली. तो एक तास मुलांच्या आठवड्याचा कणा होता.

त्या शनिवारी चौथीतल्या ऋतुजाची पाळी आली. ती त्याच वर्षी पहिल्यांदा मागे राहिली होती. "आये" एवढं म्हणाली आणि चित्र थिजलं. आमच्याकडे तिच्या आईचा चेहरा थिजला, आणि तिकडे हिचा. तो नेमका अर्धे डोळे मिटलेला, तोंड वाकडं, मान कलंडलेली. पण आवाज मात्र येत होता.

"अगं बया! पोरगी बोलंना! डोळं पांढरं केलं तिनं!"

"आये, मी हाय, मी बोलतीया!" ऋतुजा ओरडत होती. तो आवाज तिकडे पोचत नव्हता.

नंतर मी अंगणाच्या कोपऱ्यातून फोन लावला, ऋतुजाला बोलायला दिलं, मी शपथेवर सांगितलं की मुलगी ठणठणीत आहे. आईचं रडणं थांबेना. मग तिच्या वडिलांनी फोन घेतला. शांत माणूस, आवाज चढवला नाही.

"मॅडम, तुमच्यावर भरोसा हाय. पन हिनं दोन घास खाल्लं न्हाईत. म्होरल्या बाजारला पोरगी हालताना-बोलताना डोळ्यानं दिसली तर ऱ्हाईल. न्हाई दिसली तर मी जीप धरून येतो आन् घिऊन जातो. हितं धाकट्याला सांभाळायलाबी कुनी न्हाई."

फेब्रुवारी उलटायचा होता. आत्ता गेलेली मुलगी त्या वर्षी परत येत नाही, आणि पुढच्या वर्षी येईलच असं नसतं, हे मला चांगलं माहीत होतं. मी सरांना फोन केला आणि सांगितलं, एका आठवड्यात मशीन चाललं पाहिजे, कारण समजो न समजो.

मंगळवारी सर आले ते जवळजवळ उड्या मारतच. फाटकाबाहेर स्कूटर घरघरतेय, आणि हे किबोर्डवर. सरांना माउस आणि पडद्यावरच्या रंगीत खिडक्या आवडत नसत. "चित्रं बघायची तर सिनेमाला जावं." ते आल्याआल्या तीन बटणं एकदम दाबायचे, सगळं रंगीत नाहीसं व्हायचं आणि पूर्ण काळा पडदा यायचा. त्यावर पांढऱ्या अक्षरांत ते मशीनशी बोलायचे.

"बघा मॅडम! विचारलं, याने सांगितलं. मेमरी भरली. काठोकाठ!"

मावशी पोळपाट हातात घेऊन दारात आल्या होत्या. "म्हंजी काय भरलं?"

"मावशी, तुमचा ओटा. हातासरशी लागतं ते तुम्ही ओट्यावर ठेवता ना? ती याची मेमरी. आणि कोठीची खोली म्हणजे हार्ड डिस्क. आता ओट्यावर कोणी तीस पातेली मांडून गेलं तर तुम्ही काय कराल?"

"पैलं त्याला हानीन."

"आणि मग?"

"मग काय, येक पातेलं कोठीत, दुसरं ओट्यावर, परत हे तिकडं, ते हिकडं. निस्त्या येरझाऱ्या."

"बस्स! हा लाल दिवा म्हणजे याच्या येरझाऱ्या!" सर इतके खूश झाले की त्यांनी मावशींच्या हातातलं पोळपाट घेऊन त्याच्यावर तबला वाजवला.

मग त्यांनी चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची रांग लावली, जो जास्त जागा अडवतो तो वर. मीही वाकून बघितलं. एकच नाव, एकाखाली एक, पडदा संपेपर्यंत. फोटो दाखवणारा साधा प्रोग्रॅम. एकच प्रोग्रॅम इतक्या वेळा चालू होता आणि प्रत्येकाने चांगली जागा अडवली होती.

"हेच मूळ! हा आपोआप स्वतःच्या प्रती काढतोय! असं मी आयुष्यात पाहिलं नाही!" त्यांनी एक ओळ लिहिली, बटण दाबलं, आणि ती सगळी रांग एका झटक्यात उडाली. लाल दिवा विझला. कुरकुर थांबली. माउसचा बाण मासोळीसारखा पळायला लागला. सरांनी दोन कप चहा घेतला आणि मी माझ्या यादीत खूण केली.

शुक्रवारी मशीन पुन्हा चिखलात.

मी डोक्याला हात लावला. सरांचा चेहरा उजळला.

"परत आलं! मॅडम, परत आलं! म्हणजे खरा रोग आहे, सर्दी नाही!"

"सर, उद्या शनिवार आहे."

"तोच प्रोग्रॅम, तेवढ्याच प्रती! बघा!"

"सर, उडवा त्यांना. नाहीतर सरळ बंद करून चालू करा."

"आणि उद्या दुपारपर्यंत परत आले तर? कॉलच्या मधोमध आले तर? पुरावा आहे तोवर चोर पकडायचा. हात लावू नका."

मी लावला नाही. पण घरी जाऊन उद्याच्या यादीत पहिल्या ओळीवर ऋतुजाचं नाव लिहिलं आणि दोनदा अधोरेखित केलं.

शनिवारी सकाळची शाळा. मुलं यायच्या आधीच सर हजर. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने मावशी, आणि मधे ते, काळ्या पडद्यापुढे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसवून झाली, सेटिंग बदलून झाली. ती रांग जागची हलली नव्हती. मशीन एकेक अक्षर उमटवायला वेळ घेत होतं. सर पुटपुटत होते, "तू स्वतः उघडतोस का? का? का?" तिसऱ्या "का"ला वर गेलेलं बोट मधेच थांबलं.

"अरे! मी याला कधी विचारलंच नाही. तू कोण ते विचारलं, किती जागा घेतोस ते विचारलं. काय घेऊन बसलायस हे विचारलंच नाही!"

त्यांनी एकच बटण दाबलं. वाट बघितली. मग प्रत्येक नावाच्या पुढे तो प्रोग्रॅम कोणती फाईल उघडून बसलाय ते उमटायला लागलं. इंग्रजी अक्षरांत, पण वाचायला सोपं. ऋतुजा आई. गणेश पप्पा. गणेश आजी. समीर अम्मी. साक्षी आईदादा. ऋतुजा आई दोन.

सरांनी किबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. मी त्यांना दोन वर्षं ओळखत होते, हे असं पहिल्यांदाच.

ते फोटो मीच कॉम्प्युटरमध्ये घातले होते. तळावरून पालक मुकादमाच्या मोबाईलने फोटो काढून पाठवायचे, मी इंटरनेटच्या तारेवरून ते थेट उतरवून घ्यायची आणि नावं देऊन ठेवायची. मुलांनी बघावेत आणि बंद करावेत, इतकं साधं. पण पडद्यावर तर कधीच काही उघडं दिसलं नव्हतं.

मुलं शाळेतून आली. सरांनी सगळ्यांना आत बोलावलं आणि खुर्चीतून खाली, फरशीवर बसले.

"कोण उघडतं रे हे फोटो? रागावणार नाही. मला फक्त बघायचंय."

गणेशने समीरकडे बघितलं, समीरने छताकडे. मग ऋतुजा पुढे आली. तिने सरांचा काळा पडदा घालवायला सांगितलं, मग किबोर्डवर दोन बटणं धरून तिसरं दाबलं. रंगीत पडदा कडेला सरकला. दुसरा आला, मोकळा. पुन्हा दाबलं. तिसरा, मोकळा. पुन्हा दाबलं.

चौथा पडदा लहान लहान खिडक्यांनी गच्च भरला होता. उसाच्या मोळ्यांवर बसलेल्या आया. ट्रॅक्टरला टेकलेले बाप. चुलीपाशी आजी. एका खिडकीत नुसता एक पांढरा बैल होता, तो दत्ताचा. दत्ताच्या घरचं कोणी फोटोत येतच नसे, बैल मात्र नेहमी यायचा.

"ही आमची कोपी," ऋतुजा म्हणाली. उसाच्या पाचटाची झोपडी, तिला आमच्याकडे कोपी म्हणतात. "आमी जसं हालमधी झोपतो ना, तसंच लावल्यात. हा गण्याचा कोपरा, हा समीरचा. दाराजवळ मी."

मी बघितलं. खरंच, माझ्या अंथरुणांच्या यादीच्या क्रमानेच लावले होते.

लिनक्समध्ये असे चार पडदे एकामागे एक असतात हे मला माहीत नव्हतं. सरांना माहीत होतं, पण ते रंगीत पडद्याकडे फिरकतच नसत. मुलांना ते कधीतरी चुकून बटण दाबल्यावर सापडले होते.

"बघून झालं की बंद का नाही करत?" मी विचारलं.

ऋतुजाने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने वरच्या पाटीकडे बोट केलं. "सरच म्हन्त्यात ना, चालू हाय ते बंद करू ने. आन् बंद केलं की काळं हुतंय. आईला काळ्यात कशाला ठिवायचं?"

"आणि मंगळवारी मी सगळे उडवले तेव्हा?" सरांनी विचारलं.

"सगळे गेल्ते. साक्षी लई रडली. मग बुधवारी मी परत लावले. सगळ्यांचे."

सर फरशीवर बसल्या बसल्या मागे झुकले आणि मोठ्याने हसले. "मॅडम! मी आठवडाभर कोणाशी कुस्ती खेळत होतो, कळलं का? चौथीच्या मुलीशी! आणि शिकवलं कोणी? मी!"

मला हसू येईना. कॉल चार वाजता होता. "ऋतुजा, हे बंद करावं लागेल. नाहीतर गेल्या शनिवारसारखं चित्र अडकेल आणि आईला तू दिसणार नाहीस."

ती मॉनिटरसमोर जाऊन उभी राहिली. दोन्ही हात पसरून. "मंगळवारी बी गेल्ते. परत न्हाई."

"अगं, तुझ्याचसाठी."

"सगळ्यांचे हायेत. मी राखती."

मावशी दारातून म्हणाल्या, "घ्या. हिला घिऊन जाया बाप येनार, आन् ही हितं राखन करतीया."

मी बोलणार होते, पण सर उठले होते. हात चोळत. तो चेहरा मला माहीत होता.

"थांब! राखायचे ना? एकही जाणार नाही! मावशी, तीस पातेल्यांतलं सगळं एका परातीत वाढलं तर?"

"ओटा मोकळा हुईल."

"झालं!"

ते पुन्हा काळ्या पडद्यावर. सगळे फोटो लहान करून, ऋतुजाने लावलेल्या क्रमाने, एकाच मोठ्या चित्रात जोडायचे आणि ते चित्र पडद्याचं कायमचं पाठचं चित्र करायचं. एका चित्राला जागा लागते तरी किती! क्रम ऋतुजा सांगत होती, सर टाइप करत होते, मुलं मागून ओरडत होती, "सर, बैल ऱ्हायला! सर, बैल!" मशीन इतकं दमलेलं, की त्या एका आज्ञेत जेवणाची वेळ गेली. लाल दिवा लुकलुकत राहिला आणि मावशींनी सगळ्यांना खिचडी तिथेच आणून दिली. ताटं घेऊन तीस मुलं त्या दिव्याकडे बघत बसलेली मी पुन्हा कधी पाहिली नाहीत.

चित्र तयार झालं. सरांनी रंगीत पडदा आणला आणि ते मागे पसरवलं. मुलांनी आपापला कोपरा शोधला. गलका झाला. ऋतुजा मात्र हात बांधून उभी.

"आन् बंद केल्यावर?"

"बंद केलं तरी राहील. खिडक्या बंद केल्या तरी. पूर्ण मशीन बंद केलं तरी."

"खरं?"

सरांनी तिच्याकडे बघितलं. मग फळ्याच्या कोपऱ्याकडे. कालच लिहिलेला आकडा तिथे होता, त्याच्याभोवती त्यांनी स्वतःच फुलं काढली होती.

मावशींच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. "सर, न्हाई! तुमचा आकडा!"

"तो परत सुरू होईल."

"सर, नुसत्या खिडक्या बंद केल्या तरी पुरेल," मी म्हटलं. खरंच पुरलं असतं.

"मशीनला पुरेल, मॅडम. हिला नाही पुरणार." ते मुलांकडे वळले. "बघा हं सगळे. आधी बघा. मी हात लावतोय."

त्यांनी ऋतुजाचं बोट धरून बटणापाशी नेलं आणि बंद करायचं बटण तिच्याकडूनच दाबवलं. खिडक्या एकेक करून मिटल्या. चित्र गेलं. पडदा काळा झाला. आतला पंखा थांबला आणि त्या खोलीत मी कधी नव्हती ऐकली अशी शांतता झाली. बाहेरच्या स्कूटरची घरघर तेवढी ऐकू येत होती. साक्षीने डोळ्यांवर हात घेतले.

सरांनी बटण दाबलं. काळ्यावर पांढऱ्या ओळी पळाल्या. थांबल्या. पुन्हा पळाल्या. जुनं मशीन, त्याला घाई माहीत नाही. सर गुडघ्यांवर हात ठेवून वाकले होते आणि मला त्या क्षणी स्पष्ट दिसलं की त्यांनाही खात्री नव्हती. इतक्या काळाने बंद केलेलं, उठतंय की नाही! मग पडदा उजळला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळे हजर होते. आया, बाप, आजी, अम्मी, बैल.

मुलांनी केलेला आवाज शेजारच्या वस्तीवर ऐकू गेला असेल.

चार वाजता कॉल लागला. लाल दिवा शांत. ऋतुजाची आई पडद्यावर आली ती आधीच पदराचं टोक तोंडात धरून.

"रुते? हाय का?"

"हाय की आये!"

"हात हालीव." तिने हलवला. "दुसरा." तोही हलवला. "जीब दाव." मुलगी जीभ काढून उभी. "उडी मार बरं." ऋतुजा उड्या मारायला लागली आणि मागे सगळी मुलं मारायला लागली, सरसुद्धा. "आगं आगं, बास, बास! पडशील!" आई रडत होती आणि हसत होती. कडेवरचं धाकटं पडद्याला हात लावत होतं. मग वडील पुढे आले. मुलीला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं.

"जेवती का नीट?"

"व्हय."

"मग ऱ्हा तिथंच." एवढंच. आणि मला म्हणाले, "मॅडम, जीप सांगत न्हाई आता."

एरवी कॉल संपवताना आमच्याकडे मारामारी व्हायची. कोणीच शेवटचं बटण दाबू देत नसे, तिकडून तोडेपर्यंत मुलं पडद्याला चिकटून बसत. त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झालं, आणि ऋतुजाने स्वतःच माउस हातात घेतला. "येते गं आये," म्हणाली, आणि खिडकी बंद केली. खिडकीच्या मागे, दाराजवळच्या कोपऱ्यात, तिची आई उसाच्या मोळीवर बसलेली होतीच.

आज सर नगरला मुलाकडे असतात. फोन केला की पहिला प्रश्न, "काही बिघडलंय का?" नाही म्हटलं की आवाज पडतो. पण मला आठवतो तो नंतरचा मंगळवार. मी कोठीत किराणा मोजत होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. सर तर आतून बोलताना ऐकू येत होते. मग लक्षात आलं, घरघर नाही. मावशी धावत फाटकाकडे गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "सरांनी गाडी बंद केली! सोताच्या हातानं!"

सरांनी वर्ग घेतला, मेमरी किती मोकळी आहे ते सगळ्यांना दाखवलं, चहा घेतला आणि ऐटीत बाहेर जाऊन किक मारली. गाडी हूं की चूं करेना. दुसरी किक. दहावी किक. मावशी फाटकाला टेकून म्हणाल्या, "आली, आली, आता आली."

सरांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. त्यांनी बाह्या वर सारल्या.

"का?" ते म्हणाले. "का?"

मुलं ढकलायला पुढे झाली होती. सगळ्यांत पुढे ऋतुजा होती. तिने हात आडवा करून सगळ्यांना थांबवलं.

"थांबा रे. आधी बघायचं," ती म्हणाली आणि स्कूटरच्या पोटाला कान लावून बसली.